दोन डिस्कच्या वाटण्या

## गरज कुणाला पडते

मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा नियमित पाठिंबा थांबवला. विंडोज ११ ला टीपीएम २.० ही सुरक्षेची सोय लागते आणि इंटेलचा प्रोसेसर असेल तर तो साधारण आठव्या पिढीचा किंवा पुढचा, म्हणजे २०१७ नंतरचा लागतो. नाशिकमध्ये घरांत, कर सल्लागारांच्या ऑफिसांत, सातपूर-अंबडच्या वर्कशॉपमध्ये त्याआधीचे असेंबल केलेले पीसी अजून व्यवस्थित चालतात. ते भंगारात काढायचं मालकाच्या जिवावर येतं. मग आत एक एसएसडी बसते आणि तिच्यावर लिनक्स येतं. जुनी हार्ड डिस्क, तिच्यावरचं विंडोज आणि टॅलीचा डेटा यांना हात लावायला मात्र कुणी धजत नाही. दोन डिस्क आणि दोन सिस्टीम एका डब्यात अशा साचत जातात, ठरवून कुणी केलेल्या नसतात.

दुसरा गट विद्यार्थ्यांचा. नाशिकची बरीच अभियांत्रिकी महाविद्यालयं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाशी संलग्न आहेत आणि संगणक शाखेच्या प्रात्यक्षिकांसाठी ६४ बिटचं मुक्तस्रोत लिनक्स वापरावं, अशी शिफारस तिथल्या अभ्यासक्रमातच असते. लॅपटॉप मात्र विंडोज घेऊनच आलेला असतो, गेमही त्याच्यावरच चालतात. मग हॉस्टेलवर एखादा सिनिअर रात्री बसून ड्युअल बूट करून देतो. पुढे कधीतरी विंडोज हँग व्हायला लागतं, दुकानात नेऊन फॉरमॅट मारलं जातं आणि लिनक्स नाहीसं होतं. खरं तर ते गेलेलं नसतं. त्याच्यापर्यंत जाण्याची वाट तेवढी पुसली गेलेली असते.

या दोन्ही गटांना माझं एकच सांगणं आहे. दुसरी डिस्क घेतलीच आहे तर दोन्ही डिस्क एकमेकींच्या भरवशावर ठेवू नका. कोणतीही एक काढून टेबलावर ठेवली तरी दुसरी एकटी सुरू झाली पाहिजे. कोणतं लिनक्स घ्यावं, किती जीबी द्यावेत, हे प्रश्न त्यानंतरचे.

## पार्टिशन पाडून भागत नाही का?

भागतं. एकाच डिस्कवर सी ड्राइव्ह आकसवून उरलेल्या जागेत लिनक्स टाकणारे पुष्कळ आहेत. पण त्यात चालू पार्टिशन लहान करावं लागतं आणि तेवढ्यात वीज गेली तर फाइलींची जुळवाजुळव अर्धवट राहते. घरचा साधा इन्व्हर्टर इथे कामाला येईलच असं नाही. पंखे-दिव्यांना चालतो तो क्षणभराचा खंड डेस्कटॉपला पुरतो आणि तो रीस्टार्ट होतो. वेगळी डिस्क असेल तर जुन्या डिस्कवरच्या पार्टिशनला हातच लावावा लागत नाही. आणि डिस्क खराब झाली तर एकच सिस्टीम जाते, दोन्ही जात नाहीत.

## बटण दाबल्यावर काय होतं

इथे जरा थांबायला हवं. नंतरचे बहुतेक घोटाळे याच जागी जन्मतात.

जुन्या पद्धतीत, जिला सगळे नुसतं बायॉस म्हणतात, मदरबोर्ड डिस्कचा अगदी पहिला सेक्टर वाचायचा. तो ५१२ बाइटचा. त्यातले ४४६ बाइट सुरुवातीच्या आज्ञांसाठी, ६४ बाइट पार्टिशनच्या तक्त्यासाठी आणि शेवटचे दोन खुणेचे. तक्त्यात चारच नोंदी मावतात, म्हणून प्रायमरी पार्टिशन चारच. ही मांडणी म्हणजे एमबीआर. तिला सुमारे दोन टीबीच्या पुढची जागा मोजता येत नाही. मोठी अडचण वेगळीच होती. आज्ञांची जागा एकच असल्यामुळे शेवटी जी सिस्टीम टाकाल ती आधीचीचं लिखाण पुसून स्वतःचं लिहायची. विंडोज पुन्हा टाकलं की लिनक्स ‘उडायचं’ ते यामुळे.

गेल्या दहा-बारा वर्षांतल्या जवळपास सगळ्या मशीनमध्ये यूईएफआय आहे आणि डिस्कवर जीपीटी ही मांडणी असते. तिच्यात साधारणपणे १२८ पार्टिशनची सोय असते आणि तक्त्याची एक प्रत डिस्कच्या शेवटीही ठेवलेली असते. यूईएफआय पहिला सेक्टर चाळत बसत नाही. ते फॅट ३२ प्रकारचं एक छोटं पार्टिशन शोधतं. त्याचं नाव ईएफआय सिस्टीम पार्टिशन, आपण ईएसपी म्हणू. विंडोजचा इन्स्टॉलर ते बहुधा १०० एमबीचं करतो. त्यात प्रत्येक सिस्टीमचा स्वतंत्र फोल्डर असतो: एक मायक्रोसॉफ्टचा, एक उबंटूचा, एक डेबियनचा. कोणाला आधी बोलवायचं ही यादी डिस्कवर नसते, ती मदरबोर्डच्या स्मृतीत असते.

म्हणजे सिस्टीम चालू होण्यासाठी दोन गोष्टी जुळाव्या लागतात, डिस्कवरचा ईएसपी आणि मदरबोर्डमधली नोंद. नोंद हरवली तरी फारसं बिघडत नाही. ईएसपीत ‘बूट’ नावाच्या फोल्डरमध्ये ठरलेल्या नावाची एक फाइल असते आणि दुसरं काही सापडलं नाही तर मदरबोर्ड तीच उचलतो. डिस्क काढून दुसऱ्या मशीनला लावली तरी ती सुरू होते, याचं कारण हेच. ईएसपीच नसेल तर मात्र ती डिस्क एकटी उभी राहू शकत नाही.

## इन्स्टॉलरची खोड

जुन्या नाशकात, गावठाणात, वाड्यांच्या वाटण्या झालेल्या दिसतात. खोल्या वेगळ्या, वीजमीटर वेगळे, पण रस्त्यावर उघडणारा दिंडी दरवाजा थोरल्याच्या हिश्श्यात. थोरल्याने एक दिवस आपला भाग बिल्डरला दिला की धाकट्याला घरात शिरायला जागा राहत नाही. दोन डिस्कच्या बाबतीत इन्स्टॉलर नेमकं हेच करून ठेवतात.

तुम्ही दुसऱ्या डिस्कवर लिनक्स टाकता. इन्स्टॉलर विचारतो, बूटलोडर कुठे टाकू? तुम्ही दुसरी डिस्क निवडता. उबंटूच्या जुन्या इन्स्टॉलरमध्ये, आणि तोच वापरणाऱ्या लिनक्स मिंटच्या आवृत्त्यांमध्येही, यूईएफआय मशीनवर हे उत्तर पाळलंच जात नाही असा अनुभव वर्षानुवर्षं नोंदला गेला आहे. तो पहिल्या डिस्कवर सापडलेला ईएसपी उचलतो आणि ग्रब हा लिनक्सचा बूटलोडर तिथे ठेवून देतो. विंडोजचा इन्स्टॉलरही कमी नाही. एखाद्या डिस्कवर ईएसपी आधीच असेल तर तो दुसऱ्या डिस्कवर नवा बनवण्याऐवजी आपल्या बूट फाइली तिथेच नेऊन ठेवतो. दोन्ही वेळा काम चालतं. म्हणून कुणाला पत्ता लागत नाही. मग जुनी हार्ड डिस्क कुरकुर करू लागते, तुम्ही ती काढता आणि नव्या एसएसडीवरची सिस्टीमही सुरू होत नाही.

यावर उपाय अगदी गावठी आहे: ज्या डिस्कवर टाकायचं ती सोडून दुसरीची केबल काढून ठेवायची. डेस्कटॉपमध्ये झाकणाचे दोन स्क्रू आणि साटाची एक केबल, एवढंच काम. मशीन बंद करून, प्लग काढून. इन्स्टॉलरला एकच डिस्क दिसली की त्याला खोड्या करायला वावच उरत नाही.

लॅपटॉपमध्ये किंवा एम.२ च्या खाचेतल्या एनव्हीएमई एसएसडीला केबल नसते. काही मदरबोर्डच्या सेटअपमध्ये ती खाच किंवा तो पोर्ट बंद करता येतो. आधी ते पाहावं. तेही नसेल तर पेनड्राइव्हवरून लिनक्स नुसतं चालू करायचं, जीपार्टेड हे पार्टिशनचं साधन उघडायचं आणि पहिल्या डिस्कच्या ईएसपीवरच्या ‘बूट’ आणि ‘ईएसपी’ या खुणा तात्पुरत्या काढायच्या. इन्स्टॉलर त्याला मग साधं फॅट पार्टिशन समजतो. काम झालं की खुणा परत लावायच्या. हे शेवटचं विसरलात तर विंडोज सुरू होताना अडू शकतं, म्हणून कागदावर लिहून ठेवा.

## हात घालण्याआधी

बॅकअप तिसऱ्या जागी घ्यायचा, म्हणजे बाहेरच्या डिस्कवर किंवा दुसऱ्या संगणकावर. ‘डी ड्राइव्हमध्ये कॉपी करून ठेवलंय’ हा बॅकअप नव्हे. डी बहुतेक वेळा सीच्याच डिस्कवर असतो.

नव्या लॅपटॉपवर बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन, म्हणजे डिस्कला कुलूप लावणारी सोय, चालू आहे का, ते पाहायला विसरू नका. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून नव्याने टाकलेल्या विंडोजवर ते बऱ्याच मशीनवर आपोआप चालू होतं आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. सिक्युअर बूट ही मदरबोर्डमधली सुरक्षेची सोय किंवा बूटचा क्रम बदलला की निळ्या पडद्यावर ४८ आकडी रिकव्हरी की मागितली जाते. ती बहुधा तुमच्या मायक्रोसॉफ्ट खात्यात साठवलेली असते. ते खातं दुकानदाराने स्वतःच्या ईमेलवर काढून दिलेलं असेल तर पुढचं बोलायलाच नको. की आधी शोधा, कागदावर उतरवा, मगच पुढे जा.

मशीन कोणत्या पद्धतीने सुरू होतं, हेही तपासायला हवं. विंडोजमध्ये ‘सिस्टीम इन्फर्मेशन’ उघडलं की बायॉस मोडसमोर यूईएफआय किंवा लेगसी, म्हणजे जुनी पद्धत, असं लिहिलेलं दिसतं. दोन्ही सिस्टीम एकाच पद्धतीच्या ठेवाव्यात. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह कधीकधी दोनदा दिसतो, एकदा नुसता आणि एकदा मागे यूईएफआय लावून. घाईत चुकीचा निवडला तर लिनक्स जुन्या पद्धतीने बसतं आणि मग दोघं एका यादीत येत नाहीत. विंडोज लेगसी असेल आणि मदरबोर्ड यूईएफआय जाणत असेल तर मायक्रोसॉफ्टचंच एमबीआर-टू-जीपीटी हे साधन डेटा न घालवता डिस्कची मांडणी बदलून देतं; विंडोज १० मध्ये ते २०१७ पासून आहे. तरी बॅकअपची अट त्यालाही लागू.

इंटेलच्या अनेक लॅपटॉपमध्ये डिस्कचा कंट्रोलर आरएसटी किंवा रेड पद्धतीवर ठेवलेला असतो. तिथे लिनक्सच्या इन्स्टॉलरला आतली डिस्क दिसतच नाही आणि माणूस डिस्क खराब आहे असं समजून बसतो. सेटअपमध्ये एएचसीआय करायचं असतं. पण ते सरळ बदललं तर विंडोज सुरू व्हायचं थांबतं. आधी विंडोजला पुढच्या वेळी सेफ मोडमध्ये यायला सांगायचं, मग सेटअपमध्ये बदल करायचा, एकदा सेफ मोडमध्ये येऊ द्यायचं आणि नंतर नेहमीसारखं.

शेवटची तयारी विंडोजचं फास्ट स्टार्टअप बंद करण्याची. विंडोज ८ पासून ‘शट डाउन’ म्हटलं तरी विंडोज पूर्ण बंद होत नाही, गाभ्याची स्थिती डिस्कवर साठवून झोपतं. त्याचे ड्राइव्ह अर्धवट उघडे राहतात आणि लिनक्स ते फक्त वाचण्यापुरते उघडून देतं, लिहू देत नाही. पॉवर ऑप्शन्समध्ये ही खूण काढली की प्रश्न मिटतो.

## कोणाला कोणती डिस्क

ज्या सिस्टीमसमोर दिवसाचे आठ तास बसता तिला एसएसडी. हार्ड डिस्क फाइली एका ओळीने वाचताना सेकंदाला शंभर-दीडशे एमबी देते, साटाची एसएसडी साडेपाचशेच्या आसपास. पण खरा फरक तुकड्यातुकड्याने वाचण्यात असतो आणि ऑपरेटिंग सिस्टीम तेच करत असते. टॅली आणि जीएसटीचं काम करणाऱ्याने एसएसडी विंडोजला द्यावी. जो प्रोग्रॅमिंग शिकतोय त्याने लिनक्सला. ‘दोघांनाही अर्धी-अर्धी एसएसडी’ हा मोह टाळावा, कारण त्यात पुन्हा एकाच डिस्कवर दोघं येतात.

मिंटला किमान २० जीबी जागा लागते, पण सोयीने राहायचं तर ६० ते १०० जीबी ठेवावी. विंडोज ११ ची अधिकृत किमान मागणी ६४ जीबी आहे. तेवढ्यात कुणी सुखी झालेलं मी पाहिलेलं नाही.

तिसरी सिस्टीम हवी असेल तर ती आपल्या भावकीच्या डिस्कवर बसवावी. विंडोज १० आणि ११ दोन्ही ठेवायची तर एकाच डिस्कवर, जुनं आधी, नवं नंतर. दोघांचा बूट मेनू विंडोज स्वतः सांभाळतं. दोन लिनक्सही एका डिस्कवर एकाच ईएसपीत राहतात, प्रत्येकाचा फोल्डर वेगळा असतो. यात एक खाचखळगा आहे. मिंट मुळात उबंटूवर बेतलेलं असल्यामुळे ईएसपीत आपला फोल्डरही उबंटूच्याच नावाने करतं. दोन्ही एकाच डिस्कवर टाकलीत तर नंतरचं आधीच्याच्या फाइलींवर लिहितं. मिंटच्या जोडीला डेबियन किंवा फेडोरा घ्या, तंटा राहत नाही. ज्यांना देशी पर्याय पाहायचा आहे त्यांच्यासाठी सी-डॅकचं बॉस लिनक्स आहे. ते डेबियनवर आधारलेलं आहे आणि २००७ पासून चालत आलं आहे. सी-डॅकचं मुख्यालय पुण्यात असलं तरी रोजच्या वापरासाठी मी ते पहिल्यांदा शिकणाऱ्याला सुचवणार नाही. अडल्यावर विचारायला माणसं मिंट-उबंटूचीच जास्त भेटतात.

## प्रत्यक्ष काम

साधं उदाहरण धरू. जुन्या हार्ड डिस्कवर विंडोज आहे, नवी एसएसडी आणली आहे, तिच्यावर मिंट टाकायचं आहे. दुसऱ्या संगणकावर मिंटची आयएसओ फाइल उतरवून घ्या आणि रूफसने ८ जीबीचा पेनड्राइव्ह बूटेबल करा. अनेक सिस्टीम करून पाहायच्या असतील तर व्हेंटॉय बरं पडतं, त्यात आयएसओ नुसत्या कॉपी करून ठेवायच्या. पेनड्राइव्हवरचं आधीचं सगळं पुसलं जातं, लग्नाचे फोटो आधी काढून घ्या.

हार्ड डिस्कची केबल काढा, एसएसडी लावा, पेनड्राइव्ह घाला. बूट मेनूची कळ कंपनीगणिक बदलते: डेल, लेनोव्हो, एसर आणि गिगाबाइटवर बहुधा एफ १२, एचपीवर एफ ९, एमएसआयवर एफ ११, असूसच्या मदरबोर्डवर एफ ८. यूईएफआय लिहिलेली नोंद निवडा. मिंट आधी इन्स्टॉल न होताच चालू होतं. तेवढ्यात वायफाय, आवाज, प्रिंटर तपासून घ्या, चालत नसेल तर इथेच कळतं. मग ‘पूर्ण डिस्क पुसून टाका’ हा पर्याय बिनधास्त निवडा. समोर एकच डिस्क आहे, त्यामुळे या भयंकर वाक्याची भीती बाळगण्याचं कारण नाही.

मिंट एकदा सुरू करून बघा. मग मशीन बंद करून हार्ड डिस्कची केबल परत जोडा. सेटअपमध्ये जाऊन एसएसडी पहिल्या क्रमांकावर ठेवा. विंडोज हवं असेल तेव्हा बूट मेनूची कळ दाबून ते निवडायचं. पुष्कळांना हे गैरसोयीचं वाटतं, त्यांना ग्रबच्या यादीतच विंडोज हवं असतं. ते करता येतं. ग्रबला इतर सिस्टीम शोधणारा ओएस-प्रोबर नावाचा साथीदार आहे. २०२१ च्या २.०६ आवृत्तीपासून तो सुरक्षेच्या कारणाने मुळात बंद ठेवला आहे, काही लिनक्स तो स्वतः चालू करून देतात. ग्रबच्या सेटिंगच्या फाइलीत त्याला परवानगी द्यायची आणि यादी ताजी करायची. ग्रब इथे विंडोजच्या डिस्कवरच्या बूट फाइलीला फक्त हाक मारतो, तिच्यात काही लिहीत नाही. म्हणून या सोयीने दोन्ही डिस्कचं स्वातंत्र्य जात नाही.

जुन्या लॅपटॉपमध्ये दुसऱ्या डिस्कसाठी डीव्हीडीच्या जागी कॅडी बसवतात. ती घेताना जाडी मोजा, ९.५ मिलिमीटर आणि १२.७ मिलिमीटर असे दोन प्रकार मिळतात आणि एक दुसऱ्याच्या जागी बसत नाही. काही लॅपटॉप कॅडीतल्या डिस्कवरून बूटच होत नाहीत. तसा निघाला तर मग नाइलाज आहे, बूटलोडर मुख्य डिस्कवर ठेवावा लागतो.

## साडेपाच तासांचं कोडं

सगळं झाल्यावर दुसऱ्या दिवशी हमखास येणारी तक्रार: सकाळचे अकरा वाजलेत आणि विंडोज पहाटेचे साडेपाच दाखवतंय. दुकानात नेलं तर सेल बदलून देतात. सेलचा यात दोष नसतो. मदरबोर्डच्या घड्याळात काय वेळ ठेवायची याबद्दल दोघांची मतं वेगळी आहेत. विंडोज तिथे स्थानिक वेळ ठेवतं, लिनक्स जागतिक प्रमाणवेळ. भारताची वेळ तिच्या साडेपाच तास पुढे, म्हणून फरक नेमका तेवढाच. इंटरनेट जोडलं की घड्याळ जुळतं, पण तोवर फाइलींवर चुकीची वेळ पडते आणि रात्री उशिरा काम करणाऱ्याच्या नोंदींवर आदल्या दिवसाची तारीखही येऊ शकते.

जाणकार सहसा विंडोजलाच जागतिक वेळ पाळायला लावा म्हणतात, त्यासाठी रजिस्ट्रीत हात घालावा लागतो. युरोप-अमेरिकेत ते योग्य आहे, तिथे वर्षातून दोनदा घड्याळ मागे-पुढे होतं आणि दोन सिस्टीम तो बदल दोनदा करून मोकळ्या होतात. आपल्याकडे ती भानगड नाही. त्यामुळे लिनक्सलाच स्थानिक वेळ पाळायला सांगणं सोपं. टाइमडेट-सीटीएल या आज्ञेला सेट-लोकल-आरटीसी आणि पुढे १ दिलं की काम संपतं.

## दोघांना लागणारा डेटा

फोटो, पीडीएफ, गाणी दोन्हीकडून उघडायची असतात. विंडोजला लिनक्सचं एक्स्ट४ पार्टिशन आपणहून वाचता येत नाही. लिनक्सला मात्र विंडोजचं एनटीएफएस चांगलं वाचता-लिहिता येतं. २०२१ मध्ये लिनक्सच्या ५.१५ या गाभ्यात त्यासाठी नवा ड्रायव्हरही आला. म्हणून समाईक जागा एनटीएफएसची ठेवा आणि ती मोठ्या हार्ड डिस्कवर असू द्या. टॅलीचा चालू डेटा मात्र विंडोजच्याच स्वाधीन राहू द्या, लिनक्समधून त्याला शिवू नका.

समाईक पार्टिशन लिनक्सला आपोआप जोडायला लावाल तेव्हा डिस्कचं नाव न देता त्या पार्टिशनचा यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळख क्रमांक, द्या. एसडीए, एसडीबी ही नावं डिस्क सापडण्याच्या क्रमाने पडतात आणि दोन डिस्क असल्या की ती अदलाबदल होऊ शकतात. सोबत ‘नोफेल’ हा शब्दही लिहा. नाहीतर हार्ड डिस्क काढलेल्या दिवशी लिनक्स तिची वाट पाहत अडकतं आणि आपण इतका खटाटोप करून मिळवलेलं स्वातंत्र्य एका ओळीपायी जातं.

## छापखान्याचं विंडोज ७

लग्नपत्रिका, स्मरणिका, अहवाल करणाऱ्या डीटीपीवाल्यांची गोष्ट निराळी आहे. त्यांचं वर्षानुवर्षांचं काम पेजमेकर आणि श्रीलिपीत पडून आहे. पेजमेकरची ७.० ही शेवटची मोठी आवृत्ती २००१ ची. जुने फाँट युनिकोडचे नाहीत, त्यामुळे तो मजकूर दुसरीकडे उघडला की निव्वळ चिन्हांचा खिचडा दिसतो. म्हणून विंडोज एक्सपी किंवा ७ सोडवत नाही, आणि ७ चा पाठिंबा तर १४ जानेवारी २०२० लाच संपला.

नव्या मशीनच्या दुसऱ्या डिस्कवर विंडोज ७ टाकण्याचा हट्ट मी तरी करणार नाही. त्याला एनव्हीएमईचे आणि यूएसबी ३ चे ड्रायव्हर मुळात नसतात, इन्स्टॉल करतानाच माउस-कीबोर्ड बंद पडतात. एक्सपी तर जीपीटी डिस्कवरून सुरूच होत नाही. त्यापेक्षा व्हर्च्युअलबॉक्स टाका आणि त्यात जुनं विंडोज चालवा. दोन जीबी रॅम त्याला पुरते. त्याचं इंटरनेट तोडून टाका, समाईक फोल्डर तेवढा ठेवा. सॉफ्टवेअरचं कुलूप यूएसबीचं असेल तर ते आतल्या विंडोजच्या हवाली करता येतं, बहुतेक वेळा चालतं. प्रिंटर पोर्टला लागणारं जुनं कुलूप असेल तर जुना पीसीच सांभाळा. अंबडच्या वर्कशॉपमध्ये सीएनसी मशीनला आरएस-२३२ केबलने प्रोग्रॅम पाठवणारे पीसी असतात, त्यांनाही हेच लागू. अशा पीसीच्या डिस्कची एक हुबेहूब प्रत काढून कपाटात ठेवा आणि त्याला इंटरनेट लावू नका.

## अडलं तर

विंडोज अपडेटनंतर मशीन थेट विंडोजमध्ये जाऊ लागलं तर घाबरू नका. बहुतेक वेळा मदरबोर्डच्या यादीतला क्रम बदललेला असतो. सेटअपमध्ये लिनक्सची डिस्क पुन्हा वर घ्यायची, बस्स.

वेगळ्या डिस्कनेही टळत नाही असा एक प्रसंग सांगायला हवा. ऑगस्ट २०२४ मधल्या विंडोजच्या सुरक्षा अपडेटने जुन्या, धोक्याच्या बूटलोडरना सिक्युअर बूटमधून बाद करणारी यादी मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिली. ड्युअल बूटच्या मशीनना ती लागू होणार नाही असं आधी सांगितलं होतं, प्रत्यक्षात बऱ्याच मशीनना झाली आणि लिनक्स सुरू होताना ‘सुरक्षा धोरणाचा भंग’ असा संदेश देऊन थांबू लागलं. डिस्क दोन असल्या तरी मदरबोर्ड एकच, त्याच्या स्मृतीत जे लिहिलं जाईल ते दोघांना भोगावं लागतं. अशा वेळी बिटलॉकरची की हाताशी ठेवून सिक्युअर बूट तात्पुरतं बंद करायचं, लिनक्समध्ये जाऊन सगळे अपडेट घ्यायचे आणि सिक्युअर बूट परत चालू करायचं.

कधी एकही सिस्टीम सुरू झाली नाही तर आळीपाळीने एकेक डिस्क काढून बघा. दोन्ही स्वतंत्र असतील तर दोष कुठे आहे ते पाच मिनिटांत कळतं. ज्या पेनड्राइव्हवरून इन्स्टॉल केलं तो पुसू नका, दुरुस्तीला तोच लागतो.

आणि लिनक्स नकोसं झालं तर ती डिस्क सरळ फॉरमॅट करा. बूट मेनूत उबंटू नावाची रिकामी नोंद काही दिवस दिसत राहते. ती निरुपद्रवी असते, काही मदरबोर्ड ती आपणहून काढतात, काहींच्या सेटअपमध्ये जाऊन हाताने काढावी लागते.